खुर्चीखालची बोअर

१

शटर वर गेलं की आधी झाडू, मग गणपतीच्या फोटोला उदबत्ती, मग कंप्युटर. पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दीपेशचं बोअरिंगचं ऑफिस होतं, आणि तिथला रोजचा क्रम हा असा. त्यात खंड नाही.

काशीराम म्हणजे दीपेशचा बाप. शाळेची पायरी त्याने कधी चढली नाही. पण तळहातावर आडवा नारळ ठेवून तो शेतभर फिरायचा, आणि नारळ उभा राहिला की पाय रोवून ‘इथं’ म्हणायचा. त्याच्या त्या ‘इथं’वर पुष्कळांनी विहिरी खणल्या होत्या. आता पोराने बोअरची गाडी घेतली, ऑफिस टाकलं, तर म्हातारा दाराशी बाकड्यावर बसून असे. आल्यागेल्याला पाणी विचारी. बोलायला मऊ. कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या सकाळी रुचिराने कंप्युटर लावला. ऑफिसचं लिहिणं-पुसणं बघणारी ही मुलगी, नवीन पनवेलची. तिने एक्सेल उघडलं, आणि कोऱ्या पानाच्या जागी एक लांब रंगीत पट्टी उघडली.

हे रंगाचं काय ते सांगतो. बोअर मारताना दर रॉडमागे जो चुरा वर येतो, त्याची गाडीशेजारी एकेक ढेरी लावून ठेवतात. ढेऱ्यांची रांग बघितली की जमिनीच्या पोटात काय आहे ते कळतं. रुचिरा तीच रांग एक्सेलमध्ये उतरवायची. वरून खाली एकाखाली एक चौकटी. मातीला तपकिरी, मुरमाला तांबडा, पाषाणाला काळा, आणि पाणी लागलं तिथे निळा. फार्महाऊसवाल्या मुंबईकरांना ते चित्र दाखवलं की ते खूश. काशीरामलाही ते आवडायचं. अक्षर न येता वाचता येईल असं त्या यंत्रात तेवढंच होतं.

उघडलेल्या पट्टीत थोडं तपकिरी होतं, थोडं तांबडं, आणि मग काळं. खालपर्यंत काळंच. निळी चौकट एकही नाही.

काशीरामने ती बाकड्यावरून ओळखली. रुचिराने ओळखली. आणि नेमका तेव्हाच गाडीची चावी बोटावर फिरवत दीपेश आत आला. त्याची चावी फिरायची थांबली.

“ही कुणी उघडली?” त्याने विचारलं.

रुचिरा म्हणाली, आपोआप उघडली. दीपेश तिच्याकडे बघत राहिला. आपोआप काय उघडतं, असं त्याचा चेहरा म्हणत होता.

२

ही बोअर कुठली, ते आता सांगायला हवं.

जागा घेतली तेव्हा तिथे नुसतं गवत होतं. दीपेश म्हणाला, लोकांच्या दारात पाणी काढतो, पहिलं आपल्या दारात काढू. काशीराम नारळ घेऊन फिरला, नारळ उभा राहिला, त्याने ‘इथं’ म्हटलं. गाडी लागली. माती गेली, मुरूम गेला, माथेरानच्या डोंगराखालून येणारा काळा पाषाण लागला आणि तो लागला तो लागलाच. रॉडला रॉड जोडत गेले, वर येणारा चुरा कोरडा ठणठणीत. गाडीवरचे कामगार तमिळनाडूचे, त्यांनी हात वर केले तरी दीपेश थांबेना. शेवटी रॉड संपले.

बोअरवाल्याच्या स्वतःच्या दारात कोरडी बोअर. शेजारच्या कोन गावच्या जगनचीही बोअरची गाडी होती, त्याच्या कानावर हे गेलं असतं तर त्याने नाक्यानाक्यावर वाटलं असतं. म्हणून दीपेशने भोकात गोणपाट कोंबलं, वर सिमेंट थापलं, आणि ऑफिस बांधलं ते त्याच्यावरच. तमिळ पोरांना गावी लावून दिलं. कंप्युटर तेव्हा घरी होता, रुचिराला सांगून त्या बोअरची फाइल पुसून टाकली. लादी बसली. आणि उद्या कुणी त्या लादीवर काही ठोकायला जाऊ नये, म्हणून आपली चाकांची खुर्ची बरोबर तिथे ठेवली. बसायचं तर आपणच बसायचं.

काशीराम त्यावर एक शब्द बोलला नव्हता. नारळ त्याचा होता. बोलणार कुठल्या तोंडाने?

३

फाइल बंद केली तर बंद व्हायची. दुसऱ्या दिवशी एक्सेल लावलं की पुन्हा हजर. दुपारी बंद करून पुन्हा लावलं, तरी हजर. गिऱ्हाईक समोर बसलेलं, दीपेश त्याच्या शेताचं चित्र दाखवायला जातोय, आणि पडद्यावर आधी ही. गिऱ्हाईक विचारतं, ही कुठली हो, पाणीच नाही लागलं? दीपेशच्या तळपायाची आग मस्तकात.

तो रुचिरावर उखडला. तिला जगनने पैसे चारलेत इथपर्यंत बोलला. ती मुलगी रडेल असं काशीरामला वाटलं, पण ती रडली नाही. तिने खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली.

“शेठ, मला काढायचं तर सरळ काढा. पण मी केलं नाही ते माझ्या माथी मारू नका. तुम्हाला लाज वाटते त्या भोकाची, मला नाही.”

यावर दीपेशने टेबलावरचा पेला भिंतीवर मारला. पेला स्टीलचा, त्याला काही झालं नाही. काशीरामने तो उचलला, धुतला आणि जागेवर ठेवला.

मग जुन्या पनवेलीतून सत्यजीत आला. कंप्युटर दुरुस्त करणारा, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात बडीशेप. साधी गोष्ट आहे, तो म्हणाला. एक्सेलचं एक फोल्डर असतं, सुरू होताना त्यात जे ठेवलेलं असेल ते सगळं आपोआप उघडतं. कुणीतरी चुकून त्यात फाइल टाकली असणार. उचलायची, बाहेर फेकायची, काम झालं.

त्याने फोल्डर उघडलं. फोल्डर रिकामं.

मग दुसरी एक जागा असते म्हणे, सेटिंगमध्ये खोल एक चौकट, तिथे कुठल्याही फोल्डरचं नाव लिहून ठेवता येतं. तीही रिकामी. एक्सेलला जोडलेले सगळे लहानमोठे प्रोग्रॅम त्याने एकेक करून बंद केले. फाइलीच्या नावाने सगळा कंप्युटर धुंडाळला. अशी फाइलच नाही, असं कंप्युटर म्हणाला. आणि ती तर समोर उघडी होती.

सत्यजीतने बडीशेप चघळायची थांबवली. त्याने एक्सेल काढून टाकलं, नवं घातलं, आता नाही येणार म्हणाला. लावलं. आली.

“व्हायरस आहे,” तो चिडून म्हणाला. कारागीर हरला की चिडतो, तसा. “एखादा खवट व्हायरस. मशीनच बदला.”

४

खालचं पांढरं आधी काशीरामच्या लक्षात आलं.

त्याला ती फाइल उघडलेली बघायची खोड लागली होती. रुचिरा पट्टी वर सरकवत खाली जायची, काळं काळं काळं, विहिरीत वाकल्यासारखं वाटायचं. एके दिवशी ते काळं लवकर संपलं. खाली नुसत्या कोऱ्या चौकटी.

“पोरी, हे खालचं कधी पुसलंस?” त्याने विचारलं.

तिने पुसलं नव्हतं. तिने खाली-वर करून बघितलं. शेवटच्या कितीतरी चौकटींचा रंग गेला होता, आत लिहिलेलं ‘पाषाण’ही गेलं होतं. ती म्हणाली, काका, फाइल बिघडत चाललीय, बरंच आहे, आपोआप मरेल. काशीरामला ते पटलं. आजारी माणूस खालून गार पडत जातो, तशी फाइल मरतेय. त्याने स्वतःची समजूत घातली.

पण रोज बघितलं तर पांढरं वर चढलेलं. बोअर वरून खाली मारतात. हे खालून वर येत होतं. आणि येत होतं ते कसं, तर रॉडला रॉड जोडावा तसं. घाई नाही, गडबड नाही, आज इतकं, उद्या इतकं. काशीरामचा अख्खा जन्म अशा कामाशेजारी गेला होता. कामाची चाल त्याला कळायची.

त्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. तेव्हा डोळ्यावर त्याने भरवसा ठेवला नाही. सकाळी झाडू मारून झाला, रुचिरा उदबत्ती लावत होती, तेव्हा त्याने काठीच्या बुडाने लादी ठोकली. दाराशी ठोकली तर ठक. भिंतीशी ठोकली तर ठक. दीपेशची खुर्ची सरकवून तिथे ठोकली तर डब्ब.

असणारच, तो मनाशी म्हणाला. गोणपाट कुजलं असेल, सिमेंट सुटलं असेल. भोकावर पोकळ वाजणार नाही तर काय भरीव वाजेल?

भोक टीचभराचं. पण तो काठी पुढे नेत गेला आणि पोकळ वाजायचं थांबेना. टेबलाच्या पायांपर्यंत डब्ब. दुसऱ्या दिवशी कपाटापर्यंत डब्ब. रस्त्यावरून डंपर गेला तर भिंती थरथरायच्या, त्या लाद्या मात्र थरथरत नव्हत्या. कुणी श्वास धरून ठेवावा तशा.

आणि लाद्यांच्या सांध्यांत राखाडी भुकटी. रुचिरा रोज झाडायची, वैतागायची, रस्त्याची धूळ म्हणायची. काशीरामने चिमूटभर उचलून बोटांत चोळली. पाषाणाचा चुरा होता तो. आणि बोटांना तो गरम लागला.

बोअरवाल्याच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. गरम असतो तो ताजा चुरा. दगड नुकता कापला की गरम असतो.

५

त्याने पोराला सांगितलं. जेवणाचे डबे उघडले होते, बाहेर ऊन रणरणत होतं, सांगायला वेळ बरी होती.

दीपेशने ऐकून घेतलं नाही असं नाही. ऐकलं आणि भाकरीचा तुकडा डब्यात टाकला.

“बाबा, तू मना काय सांगतंस? खालून कोण बोअर मारतोय? कुनाची गाडी हाय खाली, जगनची?”

“मना काय ठाव,” काशीराम म्हणाला. “तू खुर्ची हलव. तिकडं भिंतीला बस. दुसरं काय मागत नाय मी.”

“आनि गिराइकानं विचारलं, जागा का बदलली, तर?”

“सांग बापाचं डोकं फिरलंय.”

“फिरलंयच,” दीपेश म्हणाला. आणि मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं. “तुझा नारळ. तुझा ‘इथं’. त्या एका शब्दावर मी दगडात रॉड घालत बसलो. तवा नाय तुला पोकळ ऐकू आला? मी त्या भोकावर बसलोय ना, तो तुझी अब्रू झाकून बसलोय. माझी एकट्याची नाय. आता त्याच तोंडानं उठ म्हनतंस. नाय उठनार. खाली राक्षस असला तरी नाय उठनार.”

काशीराम बाकड्यावर जाऊन बसला. पोराचं खोटं नव्हतं, आणि तेच त्याला लागलं. त्याला राग आला होता. पण त्याचा राग ओल्या लाकडासारखा, धूर फार आणि जाळ नाही. पोराचा राग आला, नारळाचा आला, आपल्या मऊपणाचा आला. सगळ्यात जास्त राग आला तो त्या खालच्याचा. कारण त्याला घाई नव्हती. वरची माणसं एकमेकांना फाडून खात होती आणि तो आपला धीराने, एकेक रॉड, वर येत होता.

त्याने दोनदा खुर्ची गुपचूप भिंतीशी नेऊन ठेवली. दोन्ही वेळा दीपेशने ती लाथेने जागेवर आणली. दुसऱ्या वेळी म्हणाला, पुन्हा हात लावलास तर ऑफिसात पाऊल टाकू देणार नाही.

दरम्यान पट्टीतलं काळं संपलं. तांबडं उरलं, तेही थोडं.

६

दीपेशने नवाकोरा लॅपटॉप आणला. खोक्यातून काढला, जुना कंप्युटर रुचिराकडून कपाटात ठेवून घेतला, तारा गुंडाळून टाकल्या. भर दुपार होती. समोरच्या टपरीवर जगनच्या गाडीवरची माणसं चहा पीत होती, म्हणून दीपेशचा आवाज मुद्दाम मोठा. सत्यजीतने सगळं दुकानातच घालून दिलं होतं. जुन्या मशीनमधलं एक अक्षर नव्यात घ्यायचं नाही, असं दीपेशने त्याला बजावलं होतं.

तो खुर्चीत बसला, पाय पसरले आणि एक्सेल लावलं.

पान उघडलं. कोरं पांढरं. पट्टी नाही, रंग नाही.

“गेली,” दीपेश म्हणाला. त्याने पान खाली सरकवलं, आणखी खाली, बोट दुखेपर्यंत खाली. पांढरंच पांढरं. तो हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसला. “बाबा, बघ. मेली तुझी बोअर. बस आता खालच्याला हाका मारत.”

त्याला हसताना बघून काशीरामलाही क्षणभर हलकं वाटलं. म्हातारपणी माणूस कशालाही भितो, तो मनाशी म्हणाला. तो उठून पोराच्या मागे जाऊन उभा राहिला, नवं यंत्र बघायला. रुचिराही वाकून बघत होती. तिचा चेहरा हसला नाही.

ती हळूच म्हणाली, “काका, कोऱ्या पानाला नाव नसतं. याला आहे. त्या फाइलीचंच आहे.”

दीपेशने ऐकलं नाही, तो सत्यजीतला फोन लावत होता. पान त्याने सरकवत पुन्हा वर नेलं होतं. आता काशीरामला दिसलं की ते अगदीच कोरं नव्हतं. सगळ्यात वर, पहिल्या चौकटीत, एकच रंग होता. फिकट पिवळा, त्यात तपकिरी ठिपके.

त्याने खाली पायाशी बघितलं. ऑफिसची लादी फिकट पिवळी, तपकिरी ठिपक्यांची.

फाइल केली तेव्हा ऑफिस नव्हतं. लादी तिच्यात कधी नव्हतीच.

७

“पोरी, चहा सांगून ये,” काशीराम म्हणाला. “सामोरच थांब. घेऊनच ये.” रुचिराने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पर्सही न घेता बाहेर गेली.

मग तो पोराला म्हणाला, बाला, जरा भाईर ये. दीपेशने फोनवर हात ठेवला आणि कामात हाय म्हणाला. काशीराम म्हणाला, माझ्या छातीत दुखतंय. दीपेश म्हणाला, पानी पी. त्याने बापाचा हात खांद्यावरून झटकला. टेबलावर पाण्याची बाटली होती. बाटली स्थिर उभी होती आणि आतलं पाणी गोल गोल फिरत होतं, कुणी चमचा घालून ढवळावं तसं. आवाज कसलाच नव्हता. बाहेरच्या डंपरचाही नव्हता. तळपायांना मात्र लादी कोमट लागत होती.

ओढून काढायला अंगात जोर नव्हता. हात जोडून तो उठणार नव्हता. पोराला त्या खुर्चीतून कोण उठवू शकेल? प्रेमाने नाही, भीतीने नाही. काशीरामला ते एकदम कळलं.

तो दाराबाहेर गेला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एक रिक्षा ब्रेक दाबून थांबली. जन्मात चढवला नव्हता तो आवाज त्याने चढवला.

“ऐका रे. या दीपेशच्या खुर्चीखाली कोरडी बोअर हाय.”

टपरीवरची माणसं पेला हातात धरून वळली.

“सोताच्या दारात थेंब नाय लागला त्याला. म्हनून वर लादी घातली आनि बूड टेकून बसलाय, कुनाला दिसू नाय म्हनून. हा तुमाला पानी दाखवनार. हा.”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. जगनच्या ड्रायव्हरने विचारलं, काय सांगता काका, खरं की काय? काशीराम म्हणाला, जा, लादी ठोकून बघा, कोरड्या मडक्यासारखी वाजते, तशीच अक्कल हाय माझ्या पोराची.

दीपेश दारात आला. फोन हातातच. चेहरा काळानिळा. पायऱ्या न उतरता त्याने उडी मारली आणि सरळ बापावर आला. लोक हसायचे थांबले.

काशीराम त्याच्याकडे बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून तो आत बघत होता. उन्हातून आतला अंधार नीट दिसत नव्हता, एक डोळा तर अर्धाच. पण खुर्ची दिसत होती. टेबलाकडे तोंड असलेली ती रिकामी खुर्ची सावकाश वळली आणि दाराकडे झाली. मग तिची बैठक खाली जाऊ लागली. जड माणूस बसला की दबते तशी, हळू, थेट तळापर्यंत.

काशीरामच्या कानाखाली सणसणीत बसली. टोपी रस्त्यावर पडली. रुचिरा टपरीपाशी तोंडावर हात घेऊन उभी होती, तीही आतच बघत होती.

मारल्यावर दीपेशचा हात तसाच हवेत राहिला. रागाचं पाणी ओसरायला लागलं, त्याचे डोळे ओले झाले. आता तो खाली बघेल, मग मान वळवून पायऱ्या चढेल आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसेल. काशीरामने त्याची गचांडी दोन्ही हातांनी धरली.

“मार,” तो ओरडला. “नामर्दा, आनखी मार. आईचं दूध पानचट होतं काय तुझ्या?”

दीपेश पुन्हा पेटला. काशीराम बोलत राहिला. त्याला शिव्या फारशा येत नव्हत्या. आल्या तेवढ्या लवकर संपल्या, मग रिक्षावाल्यांच्या ऐकलेल्या आठवून आठवून दिल्या, मग नुसतंच काहीबाही. पोराने मागे वळून बघू नये, एवढा वेळ तरी त्या पुरवायच्या होत्या.